आषाढाचा वारा, रामेश्वरचं तिकीट

पतंग उडवायचे ते संक्रांतीला, हे आपल्या डोक्यात अगदी पक्कं बसलेलं असतं. म्हणून गेल्या वर्षी आषाढात हुणसूरला मावसबहिणीकडे गेले, तेव्हा गच्चीवर भाचीला पतंग उडवताना बघून मी तिला वेड्यातच काढलं. आभाळ भरून आलेलं, मधूनच भुरभुर पाऊस, आणि ही बया ओढणी कमरेला खोचून खुशाल ढील देतेय!

"अगं मावशी, इथे आषाढातच उडवतात. हा वाऱ्याचा महिना," ती म्हणाली.

खरंच होतं ते. जुन्या म्हैसूर मुलखात आषाढ म्हणजे वारा. बंगळूरजवळच्या दोड्डबळ्ळापूरला तर या महिन्यात पतंगांचा मोठा उत्सवच भरतो. कन्नडमध्ये पतंगाला म्हणतात ‘गाळिपट’. गाळि म्हणजे वारा. तमिळमध्ये त्यालाच ‘कात्ताडी’ म्हणतात. हा दुसरा शब्द मला भाचीनंच शिकवला. तो तिला का येत होता, हे त्या संध्याकाळी उलगडलं आणि घरातलं एक धुमसतं भांडणही माझ्या कानावर आलं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, कॉलेजची परीक्षा संपल्या संपल्या, ती दोन मैत्रिणींबरोबर रामेश्वरमला जाऊन आली होती. देवदर्शनाला नव्हे, काइटसर्फिंग शिकायला! वर्षभर शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते. पाच दिवसांचा बेत होता. पाचही दिवस वारा पडलेला. समुद्र पाटावर ठेवलेल्या ताटासारखा सपाट. पोरींनी वाळूत बसून नारळपाणी प्यायलं, जमिनीवरचे प्राथमिक धडे घेतले आणि परत आल्या. शिकवणाऱ्यांचा दोष काहीच नव्हता. ‘एप्रिलमध्ये वारा असतो का?’ हा एक प्रश्न यांनी निघण्यापूर्वी कुणाला विचारलाच नव्हता. सुट्टी होती, गाडीचं तिकीट मिळालं, निघाल्या!

"पैसे पाण्यात गेले म्हणावं, तर तेही नाही. पाण्यात उतरलीच कुठे!" असं ताई म्हणायची, आणि भाची ताटावरून उठून जायची.

यंदा ती पुन्हा जाणार आहे. पण यंदाचा बेत सगळ्या घरानं मिळून आखलाय, आणि त्यात एक पंच्याहत्तरी ओलांडलेली आज्जीही आहे. हा बेत कसा ठरला तेच सांगायचं आहे. तुमच्याही घरात एखादा मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर असले व्हिडिओ बघून ‘मला जायचंय’ म्हणत असेल, तर आमच्या चुकांचा तुम्हाला उपयोग होईल.

पतंग, पण हातात न मावणारा

आधी हा खेळ काय आहे ते बघू. पायाखाली एक फळी, कमरेला मजबूत पट्टा, त्या पट्ट्याला अडकवलेला आडवा दांडा, दांड्याला वीस ते पंचवीस मीटर लांबीच्या चार-पाच चिवट दोऱ्या आणि त्यांच्या टोकाला पतंग. पतंग म्हणजे कागदाचा नव्हे. पॅराशूटसारख्या कापडाचा, कडेला हवा भरलेली नळी असलेला, सात ते चौदा चौरस मीटरचा! आपल्या दिवाणखान्यातल्या सतरंजीएवढा म्हणा ना. तो वाऱ्यात उभा राहिला की माणसाला फळीसकट पाण्यावरून ओढत नेतो. पट्टाईत असेल तर दहा-पंधरा फूट उंच उडीही मारतो.

पतंगाने होड्या ओढायची कल्पना जुनी आहे. पण पाण्यात पडलेला पतंग पुन्हा वर कसा उठवायचा, हीच खरी अडचण होती. ती सोडवली फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या दोन भावांनी, ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू यांनी. हवा भरलेल्या कडेच्या पतंगाचं पेटंट त्यांनी १९८४ मध्ये घेतलं. तो पतंग बाजारात येऊन खेळ फोफावायला मात्र नव्वदीचं दशक संपत यावं लागलं. पुढे हा खेळ थेट ऑलिंपिकपर्यंत गेला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शिडांच्या शर्यती मार्सेयला झाल्या, तेव्हा पतंगाच्या शर्यतीचं महिलांचं पहिलं सुवर्ण ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिजनं पटकावलं. पुरुषांत कांस्यपदक मिळवणारा सिंगापूरचा मॅक्स मेडर तर अवघा सतरा वर्षांचा होता. आपल्याकडचा चित्रेश ताथा २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई खेळांत या प्रकारात उतरला होता. तेव्हा ‘हे काय परदेशी फॅड’ म्हणून झटकून टाकायचे दिवस गेले.

शिकायला किती वेळ लागतो? अंगात किती भिनतं यावर ते आहे. पण पतंग सांभाळणं, मग पतंगानं नुसतं पाण्यातून ओढून घेणं, आणि शेवटी फळीवर उभं राहून चार हात पुढे जाणं, एवढ्याला साधारण दहा-बारा तास पाण्यात काढावे लागतात. रोजचे दोन-तीन तास धरले तर चार-पाच दिवस झाले. हे चार-पाच दिवस वाऱ्याचे हवेत. कॅलेंडरचे असून चालत नाही! पहिल्या खेपेला पोरी फसल्या त्या इथेच. आता शिकायला चार दिवस लागणार असतील, तर मुक्काम आठ दिवसांचा धरायचा, असं घरात ठरलं आहे.

वारा कुठून येतो

रामेश्वरमच का, असं मीही विचारलं होतं. आपला कोकण काय वाईट? गोवा काय वाईट? गोव्यात मोरजीमच्या बाजूला हे पतंग दिसतात. पण तिथला वारा हिवाळ्या-उन्हाळ्यातला, दुपारनंतर समुद्रावरून येणारा. तापलेली जमीन त्याला खेचून घेते, आणि ऊन कलंडलं की तो मंदावतो. आणि पावसाळ्यात जेव्हा वारा खरा सुटतो, तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रच खवळलेला असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती माशांच्या विणीसाठी असली, तरी त्या दिवसांत कोळी होडी शाकारून का ठेवतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

रामेश्वरमची गंमत वेगळी. नैर्ऋत्येकडून जो मोसमी वारा येतो, तो केरळात, कोडगूत धो धो बरसतो. हुणसूरपर्यंत येईस्तोवर त्याची भुरभुर उरते. आणि पलीकडे तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर तो जवळजवळ कोराच पोहोचतो. पाऊस डोंगरांनी ठेवून घेतला, वारा तेवढा पुढे आला! पालघाटची खिंड, कन्याकुमारीकडची आरल्वायमोळीची खिंड अशा फटींतून तो आणखी जोरात घुसतो. उगाच नाही त्या भागात पवनचक्क्यांचं रानच्या रान उभं! आपण छत्र्या उघडतो त्या जून ते सप्टेंबरच्या दिवसांत रामेश्वरमच्या बेटावर कोरडं ऊन असतं आणि दिवसचे दिवस एकसारखा वारा वाहत असतो. समुद्रापलीकडे श्रीलंकेतलं कल्पिटिया याच वाऱ्यावर जगभरच्या पतंगवाल्यांत प्रसिद्ध झालं आहे.

म्हणजे भाची गच्चीवर ज्या वाऱ्यात ढील देत होती, तोच हा आषाढाचा वारा. फक्त तिकडे तो पावसाशिवाय मिळतो.

दुसरा हंगाम हिवाळ्यातला. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस पडतो, वादळं येतात. तो काळ ओसरला की जानेवारी ते मार्च ईशान्येचा वारा मिळतो. उन्हाळ्याइतका जोरकस नाही, पण नवशिक्यांना तो बरा. या दोन हंगामांच्या मधले सांधे म्हणजे एप्रिल आणि ऑक्टोबर. या दिवसांत वाऱ्यानं दिशा बदलायची असते, त्यामुळे त्याचा काही नेम नसतो. आपल्या शाळा-कॉलेजांच्या सुट्ट्या नेमक्या याच सांध्यांत पडतात, याला काय म्हणावं!

वाऱ्याचा जोर या खेळात ‘नॉट’मध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी पावणेदोन किलोमीटरहून थोडं जास्त. बारा नॉटच्या खाली नवशिक्याचा पतंग धड उभा राहत नाही, आणि पंचविसाच्या वर त्यानं उतरू नये. म्हणजे ताशी बावीस ते शेहेचाळीस किलोमीटर. हुणसूरच्या गच्चीवर दोरीवरचं वाळत घातलेलं लुगडं आडवं होऊन फडफडतं ना, साधारण तसा वारा. भाची अंगानं काटकुळी. हलक्या माणसाला छोटा पतंग आणि कमी वाराही पुरतो, ही तिची एकमेव जमेची बाजू, असं तीच म्हणते.

तंबाखूची भट्टी

आता घरातली अडचण. ताईचं सासर मूळचं निपाणीचं. तंबाखूच्या वासात वाढलेलं घर. निपाणीचा तंबाखू विडीचा, हुणसूरचा सिगारेटचा. दोन पिढ्यांपूर्वी हे लोक तंबाखूच्याच निमित्तानं इकडे आले आणि लक्ष्मणतीर्थ नदीच्या काठी रुजले. घरात मराठी बोलतात, पण ‘अय्यो’ आणि ‘बेडा’ त्यात सहज मिसळलेलं. म्हैसूरहून मडिकेरीच्या रस्त्यानं पंचेचाळीसेक किलोमीटरवर हे गाव. समुद्राशी त्याचा काडीचा संबंध नाही.

तंबाखूची लावण पावसाच्या आधी-मागे होते आणि जुलैपासून खालची पानं तोडायला येतात. ती काठ्यांना बांधून भट्टीच्या खोलीत टांगायची, आणि मग पाच-सहा दिवस, रात्रंदिवस, आच सांभाळायची. आधी मंद, मग चढती. एक रात्र डोळा लागला तर सगळ्या पानांचा रंग बिघडतो, आणि लिलावात भाव मिळतो तो रंगाला. म्हणजे वारा जेव्हा रामेश्वरमला असतो, तेव्हा भावोजींना अंगण सोडून जाता येत नाही. भावोजींचं म्हणणं, फेब्रुवारीत जाऊ, सगळे मिळून जाऊ. भाचीचं म्हणणं, फेब्रुवारीत माझ्या परीक्षेच्या तयारीचं काय? बरं, पोरीला एकटी पाठवायला ताई तयार नाही. मैत्रिणींनी पहिल्या खेपेनंतर नाद सोडून दिलेला.

ही कोंडी फोडली आज्जीनं. ताईच्या सासूबाई. गुडघ्यांनी बेजार, पण कान तिखट.

"रामेश्वरला चाललात ना? मग मला न्या," त्या म्हणाल्या.

आपल्याकडे काशी-रामेश्वर एका श्वासात म्हणतात. काशीची गंगा रामेश्वराला वाहायची आणि सेतूची वाळू काशीला न्यायची, तेव्हा यात्रा पुरी होते. नाथांनी रामेश्वराची कावड वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली, ती गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली. तंजावरच्या सरफोजीराजांनी या वाटेवर ओरतनाडूला मुक्तांबाळ छत्र बांधलं, तेही रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी. तर आज्जींच्या देवघरात गंगेचा एक सीलबंद गडू आहे. यजमान काशीला गेले होते, त्यांनी आणलेला. ‘पुढच्या वर्षी रामेश्वर करू,’ असं ते म्हणाले होते. ते पुढचं वर्ष आलं नाही. गडू तसाच राहिला.

हे ऐकल्यावर भावोजी काही बोलले नाहीत. संध्याकाळी नुसतं म्हणाले, "भट्टी मी बघतो. तुम्ही बायका जाऊन या. मावशीला पण घ्या." मावशी म्हणजे मी! मला विचारलं कुणी नव्हतं, पण नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

ताईची भीती

राहिली ताई. तिला पाण्याची भीती आहे, आणि ती मानायची गोष्ट आहे. तिनं कुठून तरी धनुष्कोडीची हकिगत ऐकली होती. १९६४ च्या डिसेंबरात २२ तारखेच्या रात्री चक्रीवादळ आलं आणि बेटाच्या टोकावरचं ते गाव एका रात्रीत गेलं. स्टेशन, पोस्ट, चर्च, सगळं. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी शंभरावर माणसांसकट लाटेनं गिळली. पडकं चर्च अजून उभं आहे, आणि २०१७ पासून थेट अरिचलमुनै या टोकापर्यंत पक्का रस्ता आहे. "ज्या वाऱ्यानं गाव नेलं, त्याच वाऱ्याला माझी पोरगी दोरी बांधणार?" ताईचा प्रश्न.

भाचीनं तिला शांतपणे समजावलं, हे मला आवडलं. ते वादळ ईशान्य पावसाच्या हंगामातलं होतं. जुलैचा वारा वेगळा, रोजचा, ओळखीचा. मात्र धोका नाही असं ती म्हणाली नाही. तिला शिकवणाऱ्यांनी वाळूत बसून जे सांगितलं होतं, ते तिनं आईला जसंच्या तसं सांगितलं. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असेल तर पाण्यात पाऊल टाकायचं नाही. मग तो कितीही छान वाटो, तो आत नेऊन सोडतो. तिरपा, किनाऱ्याकडे येणारा वारा सगळ्यात चांगला, कारण काही बिघडलं तर माणूस वाहत वाळूलाच लागतो. विजेच्या तारा, झाडं, होड्या यांच्यापासून पतंग लांब. डोक्यावर टोप, अंगात तरंगणारं जाकीट. आणि कमरेजवळ एक कळ असते. ती ओढली की पतंगाचा जोर एका क्षणात जातो, दुसरी ओढली की पतंगच सुटतो. ही कळ डोळे मिटून, पाण्याखाली, घाबरलेल्या हातानं सापडली पाहिजे. पहिल्या दिवशी फक्त तेवढंच शिकवलं तरी पैसे वसूल, असं माझं मत.

ताईनं तिला एकच अट घातली. पोहणं. तेव्हा गेलं वर्षभर भाची शनिवार-रविवार बसनं म्हैसूरला जाऊन तलावात पोहते आहे. तलाव आणि समुद्र यांत फरक आहे हे तिलाही ठाऊक आहे. पण तोंडावर पाणी आलं की श्वास न घाबरवता बाहेर सोडायचा, एवढं आता तिला जमतं. एकदा ताईसुद्धा सोबत गेली होती. काठावर पाय सोडून बसली. पुढच्या आठवड्यात पाण्यात पायरीवर उभी राहिली. त्यापुढे अजून गेलेली नाही.

शिकवणारे कसे निवडायचे? रामेश्वरमची ‘क्वेस्ट’ आणि तुतिकोरिनची ‘अ‍ॅक्वा आउटबॅक’ ही नावं या खेळातल्या मंडळींत ओळखीची आहेत. नाव कुठलंही असो, फोनवर चार गोष्टी विचारून घ्या. शिकवणाऱ्याजवळ आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटनेचं प्रमाणपत्र आहे का? एका शिक्षकामागे विद्यार्थी किती? माणूस आत वाहून गेला तर आणायला होडी आहे का? आणि वारा पडला तर न झालेल्या तासांच्या पैशांचं काय? शेवटचा प्रश्न विचारायला आपल्याला उगाच संकोच वाटतो. यंदा तो ताईनं विचारला, तिच्या कन्नड वळणाच्या हिंदीत, आणि उत्तर लिहून मागितलं! प्रवासाचा विमाही नीट वाचा. साहसी खेळ बहुतेक वेळा त्यात धरलेले नसतात. मोठं इस्पितळ लागलं तर रामनाथपुरमला, बेटापासून तासाभरावर, सरकारी मेडिकल कॉलेज आहे. हे भावोजींनी शोधून काढलं आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवलं.

नर समुद्र, मादी समुद्र

बेट तीसेक किलोमीटर लांब, चिंचोळं. दोन अंगांना दोन समुद्र. उत्तरेला पाल्कची सामुद्रधुनी, उथळ आणि शांत. दक्षिणेला मन्नारचं आखात, खोल आणि लाटांचं. तिथले कोळी एकाला मादी समुद्र म्हणतात, दुसऱ्याला नर. वाऱ्याची दिशा बघून त्या दिवशी कुठल्या अंगाला उतरायचं ते ठरतं. नवशिक्याला हवं कमरेएवढं सपाट पाणी, आणि अशी उथळ खाजणं बेटावर आहेत. म्हणून तर हे ठिकाण शिकायला बरं.

पण हा किनारा आधी कोळ्यांचा आहे. पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारीबंदी १५ एप्रिल ते १४ जून. आपण जुलैत जातो तेव्हा धंदा जोरात सुरू झालेला असतो. पहाटे जाळी ओढतात, वाळूत पसरून वाळवतात. त्यावर पतंग पसरणं, दोऱ्या अडकवणं म्हणजे कुणाच्या तरी दिवसाच्या कमाईवर पाय देणं. मन्नारच्या आखातातली एकवीस बेटं १९८६ पासून सागरी राष्ट्रीय उद्यानात आहेत, आणि पाल्कच्या बाजूला २०२२ मध्ये समुद्रगाईंसाठी राखीव क्षेत्र झालं. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, शिंपले उचलून आणायचे नाहीत. आज्जींना सेतूची वाळू मूठभर हवी आहे. ती आणू, पण शिंपला नाही, असं भाचीनं आत्ताच बजावून ठेवलंय.

आता प्रवास. मोटारीनं जायचं तर चामराजनगरवरून सत्यमंगलमच्या जंगलातून, धिंबमच्या घाटाची सत्तावीस वळणं उतरून. तो रस्ता रात्री बंद असतो. नागरहोळेच्या शेजारी राहणाऱ्या हुणसूरकरांना रात्रीचे बंद रस्ते नवीन नाहीत, पण आज्जींच्या गुडघ्यांना सत्तावीस वळणं नकोत. हुणसूरला रेल्वे नाही. तेव्हा बसनं म्हैसूर, तिथून संध्याकाळची तुतिकोरिन एक्सप्रेस. ती बंगळूर, सेलमवरून दुसऱ्या दिवशी सकाळी मदुराईला सोडते. मदुराईहून रामेश्वरम साधारण एकशे सत्तर किलोमीटर. तिथे मात्र आगगाडीनंच जायचं असं आज्जी आणि भाची या दोघींचं एकमतानं ठरलंय. १९१४ चा पांबनचा जुना पूल आता थकला. त्याच्या शेजारचा नवा पूल ६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला. दोन किलोमीटरहून लांब, आणि मधला बहात्तर मीटरचा तुकडा जहाजांसाठी सरळ वर उचलला जातो. आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं. भाची त्या दिवशी सकाळी आठच्या आधीच मोबाइल घेऊन बसली होती. चार बर्थ मिळाले, त्यांतले दोन खालचे.

दिवसांची वाटणी अशी. पहाटे मंदिर. बावीस तीर्थांचं स्नान म्हणजे बावीस विहिरींचं बादली-बादली पाणी डोक्यावर, आणि ओल्या दगडांवरून चालणं. आज्जींना सगळी जमतील असं वाटत नाही. त्या म्हणतात, जमतील तेवढी घेईन, उरलेली नात घेईल. उन्हं चढली की वारा वाढतो, तेव्हा भाची पाण्यात. ताई आणि मी किनाऱ्यावर. सामानात लांब बाह्यांचे लाइक्राचे कपडे, पायांत घालायचे रबरी मोजे, चष्म्याला बांधायची दोरी, टॅन न व्हावं म्हणून नव्हे तर कातडी सोलून निघू नये म्हणून पांढरं मलम. लाइक्राचा तो पोशाख आज्जींनी उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "अंगभर आहे की! मला वाटलं काय असतंय कोण जाणे."

वाऱ्याचा अंदाज भाची रोज रात्री मोबाइलवर बघते. भावोजी हैदराबादच्या समुद्र-माहिती केंद्राचा, इन्कॉइसचा, लाटांचा इशारा बघतात. तीन-चार दिवसांपलीकडचा अंदाज फारसा धरून चालायचा नाही, हे दोघांनाही कळलं आहे. आठ दिवसांतले चार लागले तरी पुष्कळ. एकही लागला नाही, तर? हा प्रश्न मी तिला विचारला.

"तर आज्जीचा गडू तरी रिकामा होईल ना," ती म्हणाली.

निघायला अजून बारा दिवस आहेत. भट्टीच्या खोलीची डागडुजी सुरू आहे. गडू भाचीच्या पाठपिशवीत, त्या लाइक्राच्या कपड्यांत गुंडाळून आत्तापासूनच ठेवलाय. ती पिशवी बर्थखाली सरकवायची नाही, उशाशी घ्यायची, असं आज्जींनी तिला तीनदा बजावून झालंय. काल ताईचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "तिथे ते कमरेएवढं पाणी म्हणतात, ते माझ्या कमरेएवढं की तिच्या?"